एवढं सोडून

स्तेनहुल्त, ७ नोव्हेंबर १९०९

अल्गोत बाळा,

तुम्ही सगळे सुखरूप उतरलात हे मला चर्चच्या पायऱ्यांवर कळलं. काय्सा-ब्रीताने मिनेसोटाहून तिच्या बहिणीला लिहिलं होतं, आणि बहिणीने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. तुझ्या तेक्लाला बोट लागली, पोरं मजेत आहेत, तुम्ही सध्या तिच्याकडेच उतरलाय. वाचून झाल्यावर सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हटलं, "हो, मलाही त्याने तसंच लिहिलंय." तुझं पत्र टपालात कुठेतरी अडकलं असेल. येईल.

इथे एक घोळ झालाय, तो तेवढा तू निस्तर.

गेल्या आठवड्यात हाल्बुम आला. तू जमीन कसायला दिलीस तो. गाडीत करवती आणि पेट्या, मागच्या बाकावर शहरी टोपीतली त्याची बायको, एब्बा. मी खिडकीतून बघितलं आणि कॉफी ठेवली. तो माझ्या खोलीच्या दारात आला, टोपी काढली आणि नुसता बघत राहिला.

"मावशी, तुम्ही अजून इथे?"

"मग कुठे असणार?"

"अल्गोत म्हणाला, आईला बरोबर नेतोय. तुम्ही जहाजावर नाही चढलात?"

मला हसूच आलं. म्हटलं, "मला तळ्यातल्या होडीत मळमळतं. तुमच्या ऐकण्यात काहीतरी चूक झालीय. तुम्ही जमीन कसा, मोठं घर वापरा. ही खोली, गोठ्यातली एक जागा आणि विहिरीकडचे बटाट्याचे वाफे माझे. माझं उंदानताग आहे इथे. अल्गोतने सांगितलं असेलच."

तो म्हणाला, "मी कसायला नाही आलो, मावशी. मी सगळं विकत घेतलंय."

तो माणूस उद्धट नाही. कॉफी प्याला, आभार मानले. पण डोक्यात काहीतरी उलटंसुलटं घेऊन बसलाय. तू निघायच्या आदल्या रविवारी इथे याच बाकावर बसून मला काय म्हणालास ते मी विसरलेले नाही. "दोनच वर्षं, आई. तोवर जमीन कसायला देतो. तुझं उंदानताग जसंच्या तसं." तेक्ला तेव्हा चादरींच्या घड्या घालत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, जायचं म्हणून तिला वाईट वाटतंय.

तर हाल्बुमला दोन ओळी लिही. तू स्वतः लिहिलंस की तो गप्प बसेल. माझी तब्येत छान आहे. गायही छान आहे.

तुझी आई
बोतिल


स्तेनहुल्त, १३ फेब्रुवारी १९१०

अल्गोत,

अजून पत्र नाही. बर्फ पुष्कळ आहे, टपालवाला कधी येतो, कधी येत नाही. सगळा दोष त्याच्यावर ढकलून मी हिवाळा काढतेय.

मागे मी लिहिलं की गाय छान आहे. ते खोटं होतं. ती तेव्हाच गेली होती. हाल्बुम म्हणाला, "मावशी, माझ्या गवतावर मी माझीच जनावरं पोसणार." मी काय बोलणार? गवत आपलं आहे असं वाटायची सवय, बाकी काय. गाय पलीकडच्या वाडीत दिली. दूध एब्बा आणून देते, नवऱ्याला न सांगता, एप्रनखाली लपवून. मालकीणबाई स्वतःच्याच घरात चोरी करते आणि मी ती पिते.

ही एब्बा स्टॉकहोमची. मुलगी वाईट नाही, फक्त तिला काही म्हणजे काही येत नाही. परवा दूध ठेवून ती माझ्या चुलीपाशी शेकत बसली आणि म्हणाली, "आजी, रागावू नका, एक विचारू? तुम्ही सारखं उंदानताग, उंदानताग म्हणता. आमच्याकडे शाळेत व्याकरणात असतं ते. हा नियम, आणि हे त्याचं उंदानताग. म्हणजे अपवाद. तुम्ही कशाचा अपवाद?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय. हा शब्द मी जन्मापासून ऐकतेय, कधी फोडून बघितला नव्हता. मग तिला सांगितलं. अगं, उंदान म्हणजे बाजूला. ताग म्हणजे घेणं. बाजूला काढून घेतलेलं. माणूस म्हातारा झाला की शेत पोराच्या नावावर करायचा. तेव्हा लिहायचा, घर दिलं, जमीन दिली, रान दिलं, जनावरं दिली, एवढं सोडून. त्या "एवढं सोडून"च्या पुढे जे येतं ते उंदानताग. एक खोली, खोलीत चूल. दाराशी फोडलेलं सरपण. एका गाईचा चारा. बटाट्याचे वाफे. एका मेंढीची लोकर. रविवारी चर्चला जायला घोडा. आजारपणात कुणीतरी उशाशी. आणि शेवटी मानाने माती. ते कुणी द्यायचं नसतंच, कारण ते कधी दिलेलंच नसतं. ते पहिल्यापासून म्हाताऱ्यांचंच राहतं.

ती म्हणाली, "म्हणजे सोडलेल्या वस्तू म्हणजे उंदानताग. मग परवा तो टपालवाला तुम्हाला उंदानतागबाई का म्हणाला?"

अल्गोत, खरंच, आपण सगळेच तसं म्हणतो की. अमक्याकडची उंदानतागबाई, तमक्याकडचा उंदानतागबुवा. आधी खोली सोडलेली असते, गाय सोडलेली असते. मग बोलता बोलता तो शब्द कधी माणसाला चिकटतो ते कळत नाही. मी तिला म्हटलं, "लोकांची जीभ आळशी असते, दुसरं काय." आणि चुलीत लाकूड घातलं.

काय्सा-ब्रीताच्या बहिणीकडून ऐकलं की तू मिनेसोटात जमीन घेतलीस. स्वतःची. अमेरिकेत उतरून उणेपुरे तीन-चार महिने झालेत. जमीन घ्यायला पैसा कुठून आला ते मी तिला विचारलं नाही. तुलाही विचारत नाही. तूच लिहिशील.

तुझ्या बहिणीला, हुल्दाला, मी अजून काही कळवलेलं नाही. ती वेक्श्योला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात राबतेय, तिला कशाला त्रास.

आई


स्तेनहुल्त, १ मे १९१०

अल्गोत,

तुझं पत्र आलं. जहाजाचं तिकीटही मिळालं. पाकीट जाड होतं म्हणून टपालवाला म्हणाला, "बघा, पोराने आठवण ठेवली!" मी त्याला कॉफी पाजली. पत्र तो गेल्यावर उघडलं.

तू लिहितोस ते मी तुझ्यापुढे परत ठेवते, म्हणजे माझ्या वाचण्यात चूक नाही हे तुलाही दिसेल. तू लिहितोस, म्हातारीचं ओझं असलेल्या शेताला गिऱ्हाईक मिळत नाही, मिळालं तर भाव पडतो. तू लिहितोस, उंदानताग जुन्या काळातलं आहे, अमेरिकेत असलं काही कुणाला ठाऊकही नाही. तू लिहितोस, तुला आधी सांगितलं असतं तर तू रडली असतीस. आणि शेवटी लिहितोस, ये इकडे, तेक्लाला चार पोरांचं एकटीने होत नाही, इथे तुझी फार गरज आहे.

आधी सांगितलं असतं तर मी रडले असते, हे खरं. पण मी तुला अडवलं असतं का? तू सरळ बसून म्हणाला असतास, "आई, या दगडांत माझं भागत नाही, विकतो आणि जातो, तुझी खोली तेवढी सोडून विकतो," तर मी काय केलं असतं? भाव कमी आला असता. तेवढंच ना? तुझ्या आईची किंमत त्या भावातून वजा झाली असती, ती तुला होऊ द्यायची नव्हती.

हाल्बुमला तू म्हणालास, आईला नेतोय. मला म्हणालास, कसायला देतोय. आम्ही दोघं एकाच घरात येऊन पडणार, हे तुला माहीत होतं. तेव्हा तू समुद्रावर असणार होतास. बाळा, हे तू त्या बाकावर बसून ठरवलंस, की आधीच ठरवून बाकावर बसलास? मला खरंच जाणून घ्यायचंय.

आता हुल्दाबद्दल. काल मी तिला सगळं लिहिलं. वडील गेल्यावर तिने शेतातला आपला हिस्सा सोडला तो कशावर? "अल्गोत आईला सांभाळणार आहे," एवढ्यावर. तिला बघायला आलेला तो सुतार हिस्सा नाही म्हटल्यावर परत फिरला, हे तू विसरला नसशील. ती आता पस्तिशी ओलांडून लोकांची भांडी घासते.

तिकीट एजंटाकडे परत पाठवलंय. पैसे तुलाच मिळतील. मी येणार नाही. मी पोरं सांभाळायला कमी पडेन म्हणून नव्हे. तुझ्या घरात जेवायला बसले की प्रत्येक घासाला मला आठवेल.

बोतिल


स्तेनहुल्त, २६ जून १९१०

अल्गोत,

मी न्यायालयात जाऊन आले. तुला ते कळायला हवं, म्हणून लिहिते.

हुल्दा दोन दिवसांची सुट्टी काढून आली होती. तिनेच दावा लावायला लावला. मला वाटत होतं, शेत तुझ्या नावावर केलं तेव्हाचा कागद आहे, गावच्या कारकुनाने लिहिलेला, दोन साक्षीदारांच्या सह्या असलेला. आणखी काय पाहिजे? जायला घोडा नव्हता. हाल्बुम सकाळी गाडी जोडून दारात आला.

"चला मावशी. मलाही तिकडेच जायचंय."

"तुमच्यावरच दावा लावलाय मी."

"म्हणूनच तर जायचंय. बसा."

हुल्दा बसेना. मी तिला हाताला धरून बसवलं. चालत गेलो असतो तर माझे गुडघे निम्म्या वाटेतच बसले असते.

न्यायाधीश तरुण होता, हळू आवाजात बोलणारा. त्याने आपला कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, "करार चांगला आहे, पण याची नोंद कधी न्यायालयात झाली नाही. नोंद नसेल तर तो फक्त तुमच्या आणि मुलाच्या मधला. शेत विकत घेणाऱ्याला तो बांधत नाही. आणि विक्रीच्या कागदात उंदानतागाचा शब्दसुद्धा नाही. उलट लिहिलंय, शेतावर कुणाचाही हक्क नाही."

मी म्हटलं, "कुणाचाही नाही, असं लिहिलंय?"

"हो. खाली तुमच्या मुलाची सही आहे."

त्याने सही मला दाखवली. अ मोठा, शेवटचा त आडवा ओढलेला. मीच शिकवला होता तुला तो अ, चुलीतल्या कोळशाने.

"तुम्ही मुलावर दावा लावू शकता," न्यायाधीश म्हणाला. "तो कुठे असतो?"

"अमेरिकेत," हुल्दा म्हणाली, आणि मागच्या बाकांवर लोक हसले. वाईट हसले नाहीत. असली गोष्ट पहिल्यांदाच ऐकतोय असं त्यांच्यातल्या कुणाच्याच तोंडावर नव्हतं.

नोंद का झाली नाही ते तुला आणि मला माहीत आहे. मी म्हटलं होतं, नोंदवून टाकू. तू म्हणालास, "आई, घरातल्या घरात सरकारी शिक्का कशाला? लोक म्हणतील, बोतिलचा पोरावर विश्वास नाही." मला लोकांची लाज वाटली. तुझी वाटायला हवी होती.

येताना हुल्दा स्टेशनवर उतरली. तिने माझी शाल नीट केली आणि ती गेली. मग मी आणि हाल्बुम दोघंच.

तो म्हणाला, "हरलात तुम्ही."

"हो."

"तर आता मी म्हणेन तसं. राहा त्या खोलीत. मी काय तुम्हाला रस्त्यावर काढणार होतो? पण दावा लावलात म्हणून मला जिंकावं लागलं."

"नको," मी म्हटलं.

त्याने वळून बघितलं. "नको? मग कुठे, गरिबांच्या आश्रमात?"

"तुम्ही आज बोलताय. उद्या एब्बाच्या माहेरचं कुणी येईल, खोली लागेल. परवा तुम्ही विकून जाल. दया म्हणून मला नको. लिहून द्या. आणि नोंदवून."

त्याने घोडाच थांबवला. "मावशी, तुम्ही आत्ताच हरलाय आणि मला अटी घालताय?"

"फुकट नाही मागत. तुमच्या बायकोला धार काढता येत नाही, पाव भाजता येत नाही, सूत कातायला बसली की बोटं सोलून घेते. सगळं शिकवीन. धड राहील ती इथे. नाहीतर पुढच्या हिवाळ्यात पळून जाईल स्टॉकहोमला, बघा तुम्ही."

तो हसला नाही. बहुतेक ते त्यालाही माहीत होतं.

"पोराकडून नोंदवून घेतलं नाहीत, आणि परक्याकडून घेताय."

"तुम्ही परके आहात, म्हणून मागायला लाज वाटत नाही."

घोडा पुन्हा चालू लागला. तो दाल्सलांद परगण्याचा, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणाला, "आमच्याकडे याला उंदानताग नाही म्हणत. फ्योदरोद म्हणतात. फ्योद म्हणजे अन्न, रोद म्हणजे तजवीज. माझी आजी म्हणायची, मी माझ्या फ्योदरोदवर आहे, ताठ मानेने म्हणायची." मग थोडं थांबून, "तुमचा शब्द वेगळाच. ऐकलं की वाटतं, कुणालातरी बाजूला काढून ठेवलंय."

मी म्हटलं, "शब्द चांगलाच आहे. वागवणारे बदलले."

पुढच्या बैठकीला आम्ही परत गेलो आणि नोंद झाली. न्यायाधीशाने नावं वाचली, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. खोली, चूल, सरपण, बटाटे. गाय नाही, पण रोज दूध, आता एप्रनखालून नाही. मातीबद्दलही लिहिलंय. लिहिताना हाल्बुमने कारकुनाला सांगितलं, "मानाने, असा शब्द घाला." मी तो सांगितला नव्हता.

यापुढे मी लिहिणार नाही. तुला राग दाखवायला नव्हे. लिहिण्यासारखं आता काही उरलं नाही.

बोतिल


स्तेनहुल्त, ९ नोव्हेंबर १९१३

अल्गोत,

तीन वर्षांनी तुझं पत्र. फोटोतली पोरं मोठी झालीत. मधला तुझ्या वडिलांसारखा दिसतो, कान तसेच बाहेर आलेले. मी फोटो भिंतीला लावलाय. पोरांचा काही दोष नाही.

तू लिहितोस, तिथे आपल्याच परगण्यातली माणसं आहेत आणि कुणीतरी इथून सगळं लिहून कळवलं. तेक्लाशी चर्चमध्ये कुणी बोलत नाही. कापणीला कुणी मदतीला येत नाही. काय्सा-ब्रीता रस्ता बदलते. ज्या घरी तुम्ही पहिल्यांदा उतरलात ते घर. आणि म्हणून मी एक पत्र लिहावं, म्हणजे तुला ते त्यांना दाखवता येईल. त्यात फक्त एवढं असावं, की शेत माझ्या संमतीने विकलं. तू लिहितोस, "दोन ओळी, आई. तुला त्यात काय जड आहे?"

आधी इथली खबर. एब्बा आता पाव असा भाजते की माझा तिच्यापुढे काळा दिसतो. हुल्दा वेक्श्योहून दर नाताळला येते, हाल्बुम तिला स्टेशनवरून आणतो, ती आता गाडीत न सांगता बसते. गेल्या महिन्यात पाद्रीबुवांनी सांगितलं, नवा कायदा झाला, म्हाताऱ्यांना यापुढे सरकार पैसे देणार. पेन्शन म्हणतात त्याला. आधी फक्त कर्नलना आणि पाद्र्यांना मिळायची, आता मोलकरणींनाही मिळणार. पण त्यासाठी आधी बरीच वर्षं वर्गणी भरायची असते, म्हणून माझं वय त्यात बसत नाही, हुल्दाचं बसतं. बाहेर पडल्यावर म्हातारे कुजबुजत होते, सरकारचा काय भरवसा? मी म्हटलं, "एक बरं आहे. सरकार अमेरिकेला पळून जात नाही." सगळे हसले, आणि मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. तेव्हा मीच परत हसले. चार वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्यासमोर खोटं बोलावं लागलं नाही.

आता तुझ्या दोन ओळी. मी दोन संध्याकाळी लिहायला बसले. खोटं नाही सांगत, लिहिणारच होते. म्हातारी आई आणखी काय करते? पण "माझ्या संमतीने" एवढं लिहून झालं की हात पुढे जाईना. तू मला विचारलं असतंस तर मी संमती दिली असती, अल्गोत. ती द्यायची संधी तू मला दिली नाहीस, आणि आता ती दिली होती असं लिहून मागतोस.

तेव्हा मी तुला पत्र दिलं नाही. मी सरळ काय्सा-ब्रीतालाच लिहिलं. तिच्या हातात ते पडेल तेव्हा तुझ्याही हातात हे असेल. काय लिहिलं ते तुला सांगते, पाठीमागून काही करायची मला सवय नाही. लिहिलंय, माझी संमती नव्हती. त्याने मला फसवलं. पण मला आता छप्पर आहे, सरपण आहे, माझी काळजी करू नका. तो हिशोब माझा आणि त्याचा आहे, तुमचा नाही. तेक्लाशी बोला. पोरांना घरात घ्या, जेवायला घाला. कापणीला जा.

तुला हे पुरेसं वाटणार नाही. तुला हवं होतं ते हे नाही, मला माहीत आहे. पण माझ्याकडे जे खरं होतं ते सगळं मी दिलं.

मी तुला लिहू नकोस असं म्हणत नाही. पोरांचं लिही, जमिनीचं लिही, तिकडे हिवाळा कसा असतो ते लिही. मी वाचीन. एब्बालाही वाचून दाखवीन.

फक्त मला पुन्हा काही मागू नकोस.

तुझी आई
बोतिल